वावरात आलेली जर्मन शेफर्ड: कोणाला द्यायची आणि कधी

वरुड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. आंबिया बहाराचं ओलीत सुरू असताना त्यांच्या संत्र्याच्या बागेत एक जर्मन शेफर्ड कुत्री आली. गळ्यात तुटलेली साखळी, मानेला जखम, अंगभर गोचीड, बरगड्या मोजता येतील अशी हाडकुळी. थानं लोंबलेली आहेत, म्हणजे पिल्लं झालेली आहेत. आठ दिवसांपासून ती बागेतच राहते, ताईंच्या हातचं खाते, मुलांना काही करत नाही. ताईंनी तिचं नाव राणी ठेवलं आहे. चुलत सासरे म्हणतात, रानडुकरांच्या राखणीला माझ्या वावरात द्या. दिराला तिची पिल्लं काढायची आहेत. घरधनी म्हणतात, अमरावतीला एखाद्या आश्रयगृहात नेऊन सोडू. गावात कोणी सांगितलं की ही जात सरकारनं बंद केली आहे. यातलं काय करावं?

ताई, तिला अजून कोणालाच देऊ नका. निदान दीड-दोन महिने तरी नाही. माझ्या अनुभवात कुत्रं वाचवताना चुका कमी होतात, देताना जास्त होतात, आणि त्या जवळजवळ सगळ्या घाईपायी होतात.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. आर्वी तालुक्यात ढोरांमागं गावोगाव फिरलो, आता निवृत्त आहे. २००७ पासून माझ्याकडे सोडून दिलेली जर्मन शेफर्ड येत आहेत. घरामागच्या गोठ्यात आता गाई नाहीत, एखाद-दोन कुत्री कायम असतात. आमच्याकडे लोक अजून ‘अल्सेशन’च म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन नाव नको होतं, तेव्हा हे नाव पडलं. तिकडच्या केनेल क्लबनं, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं, १९७७ मध्ये ते बदललं, आपल्याकडे ते राहून गेलं.

बंदीचं आधी सांगतो, कारण त्या भीतीनं लोक रातोरात कुत्री दूर नेऊन सोडतात. १२ मार्च २०२४ ला केंद्र सरकारचं एक पत्रक निघालं होतं. त्यात पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जाती होत्या. काही दुसऱ्या शेफर्ड जातीही होत्या, पण जर्मन शेफर्ड नव्हती. पुढं एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्रकच रद्द ठरवलं. तेव्हा राणीला ठेवण्यात बेकायदेशीर काही नाही. बेकायदेशीर आहे ते तिला सोडून देणं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली पाळीव जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये, म्हणून कोणाला त्याचा धाक वाटत नाही. ही गोष्ट मला वर्षानुवर्षं खुपते.

ती पळून आली की कोणी सोडली, हे पक्कं माहीत नाही, म्हणून मालकाचा शोध घ्यावाच लागेल. ग्रामपंचायतीला सांगा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोटो गावच्या गटांवर टाका, पण तिच्या अंगावरची एक खूण फोटोत येऊ देऊ नका. पंज्यावरचा पांढरा केस असेल, कानाची चीर असेल, पोटावरचा डाग असेल. मालक म्हणून जो येईल त्याला ती खूण विचारा. पैदाशीची शेफर्ड म्हटली की नसलेले मालक उभे राहतात. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा मोठ्या खासगी दवाखान्यात नेणं झालं, तर खांद्यांच्या मध्ये मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखीची बारीक चिप, आहे का तेही तपासून घ्या. पंधरा आकडी नंबर निघाला तर मालकापर्यंत पोचता येतं. आणि खरा मालक आला तरी मानेच्या जखमेचे फोटो दाखवून ती कशी झाली हे त्याला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता प्रकृतीचं. इथं मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या भागात ही जात सगळ्यात जास्त गोचीड तापानं जाते. गोचिडीतून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरतो. गावठी कुत्र्याला तो होतो आणि पुष्कळदा निभावून जातो, जर्मन शेफर्डला तो फार जड जातो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्कराची दीडशेहून जास्त कुत्री याच रोगानं मेली, त्यात बहुतेक जर्मन शेफर्ड होती. राणीला सकाळच्या उजेडात आडवी करा आणि ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील, किंवा पोटाच्या आणि मांड्यांच्या आतल्या उघड्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नाकातून रक्त येण्याची वाट पाहू नका. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट्सचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचा, आकडा बघतात. औषध डॉक्सिसायक्लिन, तीन ते चार आठवडे. इथंच घात होतो. पाचव्या दिवशी कुत्रं खायला लागतं, घरचे म्हणतात झालं बरं, गोळ्या बंद होतात, आणि दोन-चार महिन्यांनी तोच रोग पुन्हा उठतो. त्या वेळी मग हाडातला मगज रक्त तयार करणंच सोडतो. गोळ्या पूर्ण द्या, आणि उपाशीपोटी देऊ नका, उलटी होते. ती गाभण नाही ना, हे डॉक्टरांकडून आधीच बघून घ्या. दिवस असतील तर औषधाचा विचार वेगळा करावा लागतो.

अंगावरची गोचीड काढायला फवारणीचं औषध लावू नका. हे मी हात जोडून सांगतो. पऱ्हाटीवर मारतात ते औषध पाण्यात कालवून कुत्र्याला चोळलेलं मी कितीदा पाहिलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. कुत्रं तर ते औषध अंगावरून चाटून पोटात घेतं. लाळ गळते, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, अंग थरथरतं, आणि बंडीत घालून तालुक्याला नेईपर्यंत खेळ संपतो. दुसरं म्हणजे आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडीचं औषध. ढोरांसाठी आणलेल्या बाटलीतून अंदाजानं सुई टोचून देणारे गावात असतात. काही जर्मन शेफर्डमध्ये असा आनुवंशिक दोष असतो की हे औषध मेंदूत शिरतं. कुत्रं झिंगतं, डोळ्यांना दिसेनासं होतं, बेशुद्ध पडतं. राणीत तो दोष आहे की नाही हे पाहून कळत नाही, म्हणून नकोच. गोचिडीसाठी वजनाप्रमाणे चघळायच्या गोळ्या मिळतात, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनं द्या. आणि ती झोपते तिथल्या भिंतीच्या फटी, खाटेच्या सुतळ्या, दाराच्या चौकटी बघा. अंगावरच्यापेक्षा जास्त गोचीड तिथं असतात.

माझी बायको कानातल्या गोचीड संध्याकाळी काढते. कुत्रं दिवसभर कितीही बिथरलेलं असो, दिवेलागणीला ते थोडं सैल पडतं. ती खाली बसते, चिमटा कातडीला टेकवून गोचिडीचं तोंड धरते, सरळ वर ओढते, मग वाटीतल्या साबणाच्या पाण्यात टाकते. पिरगाळत नाही, नखानं चिरडत नाही. मध्येमध्ये हात थांबवून नुसती बसते. पहिल्या दिवशी चार निघतात. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रं आपणच येऊन कान पुढं करतं. मला त्याचा स्वभाव कळतो तो या घटकेला. दुखत असताना ते हात दातात धरतं की मान वळवून आपल्याकडे बघतं, हे ज्यानं पाहिलं तोच पुढं नव्या घरच्यांना खरं सांगू शकतो. तुम्हीही हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. फक्त मानेच्या जखमेला हात लावायचा असेल तेव्हा तोंडाला पट्टी बांधून घ्या. दुखऱ्या जागी गरीब कुत्रंही चावतं. कोणाला दात लागलेच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, मिरची लावत बसू नका.

खाण्याचं थोडक्यात. उपाशी कुत्र्याला एकदम पोटभर देऊ नका, दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. मऊ भात, हाड काढलेली उकडलेली कोंबडी, अंडं, शिजवलेलं कोहळं. दूध-पोळीवर ही जात टिकत नाही, पोट बिघडतं. कांदा-लसूण घातलेलं कालवण नको, शिजवलेली हाडं नकोत. दोन-तीन आठवड्यांत वजन दिसायला हवं. मादीचं नीट वजन २२ ते ३२ किलो असतं. दुपटीनं खाऊनही ती हाडकुळीच राहिली, आणि शी पिवळट, तेलकट, ढीगभर होत असेल, तर ती हावरट नाही, तिचं स्वादुपिंड पाचक रस करत नाही. या जातीत हा आजार नेहमीचा आहे. माझ्याकडचा एक नर यापायी तीन घरांतून परत आला, ‘खातो खूप, अंगाला लागत नाही’ म्हणून. चौथ्या घरी जेवणात मिसळायची पाचक पूड सुरू झाली आणि दोन महिन्यांत तो भरून निघाला. ती पूड जन्मभर लागते. हे देण्याआधीच कळलेलं बरं, नाहीतर कुत्रं उगाच घरं बदलत राहतं.

दिराला नाही म्हणा. गोड शब्दांत म्हणा, पण ठाम राहा. २०१७ च्या श्वान-प्रजनन नियमांप्रमाणे पैदाशीचा धंदा करणाऱ्याला नोंदणी लागते. मादी दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिला पिल्लं घेता येत नाहीत, लागोपाठच्या माजाला घेता येत नाहीत, वर्षातून एकाहून जास्त वेत नाही. राणीची थानं बघता हे कोणी पाळलेलं दिसत नाही. तिची नसबंदी करूनच तिला द्यायची, हा माझा नियम आहे आणि तो मी सख्ख्या भावासाठीही मोडला नाही. पण नसबंदीचीही घाई नको. गोचीड तापात रक्त नीट गोठत नाही, त्या अवस्थेत चाकू लावला तर टेबलावरच जीव जाऊ शकतो. आधी गोळ्या पूर्ण, मग पुन्हा रक्त तपासणी, प्लेटलेट्स जागेवर आल्या की नसबंदी. मधल्या काळात जंताचं औषध, रेबीजची लस, आणि डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची लस. दीड-दोन महिने मी म्हटलं ते यासाठी.

आता चुलत सासऱ्यांचं. त्यांचा हेतू वाईट नाही. रानडुकरांनी रात्रीतून हरभरा उलथवून टाकलेला ज्यानं पाहिला, तो राखणीला कुत्रं मागणारच. पण मी एकदा दिलं होतं, त्याची गोष्ट ऐका.

२००९ ची गोष्ट. शेरू नावाचा नर होता, चार वर्षांचा, काळ्या पाठीचा. बोर अभयारण्याच्या जंगलालगत वावर असलेले एक कास्तकार जागलीसाठी, म्हणजे रात्रीच्या राखणीसाठी, मागायला आले. माणूस भला, घरी ढोरं नीट ठेवलेली. मी विचार केला, मोकळी हवा आहे, काम आहे, अजून काय पाहिजे. दिला. त्यांनी त्याला वावरातल्या राखणीच्या माळ्याच्या खांबाला साखळीनं बांधलं, कारण मोकळा सोडला की तो त्यांच्यामागं गावात यायचा. दोन महिन्यांनी निरोप आला. मी गेलो तेव्हा साखळी खांबाला तशीच होती, पट्टा मधून तुटलेला, आणि तुरीतून ओढत नेल्याची रेघ नाल्याकडे गेलेली. बिबट्यानं नेला होता. गावठी कुत्री त्या रात्री पळून वाचली होती, ती मोकळी होती. चूक त्या कास्तकारांची नव्हती. तो त्यांच्यामागं गावात का यायचा, हे मी त्यांना सांगायला हवं होतं.

तो यायचा कारण ही जात एकटीनं राखण करण्यासाठी घडलेलीच नाही. जर्मनीत १८९९ मध्ये कॅप्टन मॅक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी होरांड नावाच्या कुत्र्यापासून ही जात बांधली, ती मेंढपाळाच्या कामासाठी. तिकडं पिकांच्या मधल्या पट्ट्यात मेंढ्या चारतात, मध्ये कुंपण नसतं. कुत्रं सऱ्यांच्या कडेनं दिवसभर ये-जा करत राहतं आणि मेंढी पिकात जाऊ देत नाही. पण मेंढपाळ तिथंच उभा असतो. कुत्र्याचा एक डोळा मेंढ्यांवर, एक माणसावर. राणीला बागेत मोकळी सोडून बघा. माझा अंदाज आहे की ती झाडांमधून कमी आणि धुऱ्यावरून जास्त चालेल, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक फेरीला मान वळवून तुम्ही कुठं आहात ते बघेल. माझ्याकडची बहुतेक असंच करतात. या कुत्र्याला रात्री माणसाविना साखळीला बांधलं की ते भुंकून भुंकून आजारी पडतं किंवा चावरं होतं. सासऱ्यांना राखणच हवी असेल तर दोन-तीन गावठी कुत्री मोकळी पाळा, रात्री जागलीला माणूस असू द्या. राणी दिवसा त्यांच्यासोबत वावरात जाऊन संध्याकाळी घरी परतणार असेल आणि रात्री ओसरीत झोपणार असेल, तर मात्र मी त्यांचंही नाव यादीत ठेवीन.

आश्रयगृहाबद्दल. तिथली माणसं प्रामाणिकपणे राबतात, पण जागा कमी आणि कुत्री फार. जर्मन शेफर्ड पिंजऱ्यात लवकर खचते, गोल गोल फिरायला लागते, शेपूट चावते. तुमच्या ओसरीचा एक कोपरा तिला त्यापेक्षा चांगला.

घर कसं निवडायचं ते सांगतो. बाहेरगावचं कोणी फोनवर ‘आजच येतो न्यायला’ म्हणालं तर त्याला थांबवा. मी आधी त्यांच्या घरी जातो, आणि जमलं तर उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या वेळी कुत्रं जिथं राहणार ती जागा मला हातानं चाचपून बघायची असते. टिनाच्या शेडखाली असेल तर माझा नकार. कौलाच्या घरातली सारवलेली ओसरी, जवळ नांदीत पाणी, ओलं पोतं, जमलं तर कूलर, एवढं पुरतं. चोपड्या टाइल्सवर या जातीचे मागचे पाय घसरतात, खुब्याचा सांधा मुळातच कच्चा असतो, त्यामुळे सारवलेली जमीन शहरातल्या फ्लॅटपेक्षा बरी. उन्हाळ्यात ‘गरम होतं’ म्हणून अंगावरचे केस भादरू नका. वरचा थर उन्हापासून वाचवतो, आतली मऊ लव तेवढी फणीनं काढा. फिरवणं पहाटे, डांबर तापायच्या आत. कुत्रं धापा टाकायला लागलं, लाळ चिकट झाली, हिरड्या गर्द लाल झाल्या, चालताना झोक गेला, की पोटावर, जांघेत, पंज्यांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. बर्फ नको.

घरात गेल्यावर मी पुरुषाशी कमी बोलतो. जेवण घालणारी बहुतेक घरची बाई असते. ती मनापासून हो म्हणत नाही तोवर कुत्रं द्यायचं नाही. हिंगणघाटकडच्या एका घरी सगळे उत्साहात होते, आजी तेवढ्या गप्प. मी त्यांना विचारलं, “आजी, तुम्हाला चालते का?” त्या म्हणाल्या, “चालते जी, पण मले इचं भेव वाटते.” आम्ही नकार दिला नाही आणि कुत्री लगेच दिलीही नाही. पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात घेऊन जायचो, आजींच्या हातून भाकर द्यायला लावायचो. सोळाव्या दिवशी आजींनीच विचारलं, आज उशीर का झाला. तिथं ती कुत्री नऊ वर्षं राहिली.

आणखी दोन प्रश्न मी विचारतो. याआधीचं कुत्रं कुठं गेलं? उत्तर देताना माणूस अडखळला तर मी चहा पिऊन परत येतो. आणि घरी शेळ्या, कोंबड्या, वासरं आहेत का? ही जात हाकण्याची आहे, पळणारं जनावर दिसलं की मागं धावते. राणीला तुमच्याकडेच दोरीवर धरून शेळ्यांजवळून न्या, काय करते ते लिहून ठेवा, आणि नव्या घरी जसंच्या तसं सांगा. दोष लपवून दिलेलं कुत्रं परत येतं, नाहीतर परत न येता रस्त्यावर जातं.

देताना एक साधा कागद करा. साखळीला कायम बांधणार नाही, पिल्लं काढणार नाही, दुसऱ्याला परस्पर देणार नाही, आणि जमलं नाही तर तुमच्याकडेच परत आणून देणार. शेवटचं वाक्य दोन्ही बाजूंनी खरं असलं पाहिजे. वर्षानंतरही ते दारात आले तर तुम्ही तिला घ्याल, अशी मनाची तयारी असेल तरच द्या. पहिले पंधरा दिवस चाचणीचे ठेवा. तिची झोपायची वाकळ न धुता सोबत पाठवा, वास ओळखीचा राहतो. पट्ट्यावर तुमचा आणि त्यांचा, दोघांचे फोन नंबर. पहिले तीन-चार दिवस ती दार उघडं दिसलं की निघेल आणि बागेच्या वाटेला लागेल, म्हणून अंगणातसुद्धा दोरीवरच. तीन आठवड्यांत घरची वेळ तिला कळते. तिथलं घर आपलं वाटायला तीन महिने लागतात. त्या तीन महिन्यांत फोन करत राहा, पण भेटायला जाऊ नका. तुम्हाला पाहिलं की तिचे पहिले दिवस पुन्हा सुरू होतात.

एक गोष्ट तुमच्या पत्रात दोनदा आली: मुलं तिच्याजवळ झोपतात आणि ती हलत नाही. दीड-दोन महिन्यांनी तुम्हाला घर शोधावंसं वाटलं नाही, तर ते घरधन्यांशी उघड बोला, चोरून ठेवू नका. खर्चाचा हिशेब मांडा: खाणं, वर्षाची लस, गोचिडीच्या गोळ्या, आणि दहा-बारा वर्षांचं आयुष्य. त्यांनी मनानं होकार दिला तर वर सांगितलेले सगळे प्रश्न स्वतःच्याच घराला विचारा, दुपारी दोन वाजताची जागासुद्धा बघा.

सध्या उद्या सकाळचं काम एकच. हिरड्या आणि पोटावरचे ठिपके बघा. गाडीची सोय नसेल तर १९६२ या नंबरावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा. रक्ताचा रिपोर्ट हाती आला की प्लेटलेट्सचा आकडा मला कळवा.